पहिला नग उसवायचा नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा विणकाम, गल्लीत ‘स्वेटरवाल्या बाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच घरात बसून, दिवसाउजेडी लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मग म्हणाले, “बाई, अलीकडे काही विसरायला होतं का?” मी म्हटले, “तुम्ही पाचवीत असताना तुमच्या शाळेच्या स्वेटरची उजवी बाही मी अर्धा इंच जास्त ठेवली होती, कारण तुमचा उजवा हात लांब होता. अजून आहे का?” त्यांनी हात टेबलाखाली घेतला, मग पुन्हा वर काढून सही केली. मला कोणी फूस लावलेली नाही, धमकावलेले नाही. दबाव होता तो हे न लिहिण्याचा होता, आणि तो मी जुमानलेला नाही.

हे आत्ताच का, ते आधी सांगते. दोन महिन्यांपूर्वी छातीत पाणी झाले म्हणून मी अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी परत आले, चपला काढल्या आणि सवयीने थेट मागच्या खोलीत गेले. ही माझी कामाची खोली. बघते तर भिंतीवर पेन्सिलीने मापे टाकलेली, टेबल कुठे येईल, कपाट कुठे येईल, आणि दारापाशी सहा पोती उभी. प्रत्येक पोत्यावर माझ्या मुलाने ‘टाकायचे’ असे लिहिलेले. माझ्या मुलाचे अक्षर लहानपणापासून सुरेख आहे. पोत्यावरसुद्धा सुरेख होते.

“आई, चिडू नकोस,” तो म्हणाला. “अर्धवट पडलेलं तेवढंच काढलंय. तुझी लोकर, सुया, सगळं जागच्या जागी आहे बघ. आता पुढच्या खोलीत खिडकीशी बस आणि आरामात स्वेटर विण. मला घरून काम असतं, दार लावून बोलावं लागतं. आणि तूच म्हणालीस ना दवाखान्यात, घे खोली म्हणून?”

“आणि या पोत्यांत आहे ते?”

“ते तुला कुठे जमतं गं? स्वेटर छान जमतात तुला.”

हे मृत्युपत्र म्हणजे त्या वाक्याला उत्तर आहे. तिथल्या तिथेच दिले असते, पण जिना चढून धाप लागली होती.

कलम एक. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. नाकात नळी असताना मी ‘घे खोली’ असे म्हणाले असेन किंवा नुसती मान हलवली असेन, तर ती गुंगीत हलली. ते सर्व रद्द समजावे.

कलम दोन. घर माझ्या नावावर आहे. पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी मी मुलाला देते. गॅलरीला काचा लावून घेतल्या की तिथे दार लावून त्याला हवे तेवढे बोलता येईल. मी स्वतः टेप लावून पाहिली आहे, टेबल बसते, खुर्ची मागे सरकवायला जागा उरते. गेली दहा वर्षे त्याने हे घर नीट राखले, माझ्या औषधाची एक गोळी चुकू दिली नाही, हे मी विसरलेले नाही. माझा राग पोत्यांवर आहे, मुलावर नाही. मुलावर थोडा आहे.

कलम तीन. बँकेत जे काही असेल ते मुलगा आणि मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. यावर लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

कलम चार. स्वेटरचे सगळे काम, म्हणजे सुयांचे तिन्ही डबे, लोकरीचे कपाट आणि शाळांच्या मापांची वही, हे मी सूनबाईला देते. तिला दोन उलट दोन सुलट येते आणि गोल गळा येतो, त्यापलीकडे काही शिकायची तिला हौस नाही. मी एकदा विचारले, “अगं, कंटाळा नाही का येत तुला?” तर म्हणाली, “आई, दिवसभर सगळं नवीनच अंगावर येतं. हे एक तरी ओळखीचं असू दे.” मला पटले. अशी माणसे नसती तर थंडीत पोरे कुडकुडली असती. वहीत कुठल्या शाळेची हिरवी लोकर गडद आणि कुठली फिकट ते लिहिले आहे, ते तिने नीट वाचावे, कारण तिथेच माझी पहिली पाच वर्षे बोंब झाली होती.

इथे लोकांचा एक गैरसमज दूर करते. मी स्वेटरला कंटाळून दुसरीकडे पळाले असे म्हणतात. साफ खोटे आहे. एकविसाव्या वर्षी मी पहिला शाळेचा स्वेटर विणला आणि परवाच्या बुधवारी शेवटचा, म्हणजे आत्तापुरता शेवटचा. एक्केचाळिसाव्या वर्षी काय झाले, तर एका दुपारी मी एक अख्खी बाही विणून संपवली आणि ती कधी विणली हे मला आठवेना. हात आपले आपण चालले होते, मी तिथे नव्हतेच. मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावरच्या कुंभाराकडे गेले आणि म्हटले, मला शिकवा. तो म्हणाला, बाई, या वयात? महिनाभर मातीने माझा जीव खाल्ला. चाकावर ठेवलेला गोळा कधी माझ्या पोटावर यायचा, कधी कुंभाराच्या. मग एके दिवशी चार वाजता थकून मी लोकर हातात घेतली आणि माहेरी आल्यासारखे वाटले. दोन उलट, दोन सुलट. एकेक टाका मला दिसत होता.

तेव्हापासून माझा दिवस असा चालतो: सकाळी नवे, चारनंतर जुने. सकाळी डोळे ताजे असतात, अंगात खुमखुमी असते, फजिती सोसवते. चारनंतर हाताला ठाऊक असलेले काम घ्यायचे म्हणजे डोके निवते. नुसते नवे केले असते तर मी वेडी झाले असते, नुसते जुने केले असते तर तिसऱ्या वर्षीच लाकूड झाले असते. पस्तीस वर्षे मी हे पाळले आहे. म्हणून मुला, तुझ्या प्रश्नाचे उत्तर: नाही जमत. जमत नाही म्हणूनच सकाळी करते. जमते ते चारनंतर करते.

कलम पाच. मागच्या खोलीत खिडकीच्या वर जी लांब फळी आहे तिच्यावर माझे पहिले नग आहेत. प्रत्येक नव्या कामातला पहिला नग, जसा झाला तसा. पहिला नग उसवायचा नाही, मोडायचा नाही आणि तो दाखवताना माफी मागायची नाही, हा या खोलीचा नियम आहे. वेताची टोपली आहे, ती डावीकडे कलते. मी बांधलेली वही आहे, तिचे पुठ्ठे उलटे लागले आहेत, त्यामुळे ती शेवटून उघडते. लेस आहे, ती मांजराने खेळून टाकल्यासारखी दिसते, पण मांजर आमच्याकडे कधीच नव्हते.

यातला मातीचा कप मी मुलाला देते. तो बुडातून गळतो. आमचे हे त्यातून चार वर्षे चहा प्यायले, कपाखाली तळहात धरून, आणि कोणी पाहुणा हसला तर म्हणायचे, “गरम चहाने हात शेकतो, तुम्हाला नाही कळायचं.” कधी एकदासुद्धा म्हणाले नाहीत की तुला कुठे जमतं. त्यांना जाऊन सतरा वर्षे झाली आणि मला त्यांची रोज आठवण येते. मुलाने वर्षातून एकदा तरी त्या कपातून चहा प्यावा. तळहात धरायला विसरू नये, पँट खराब होईल.

फळीवरचा चामड्याचा बूट मी हस्तकला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना देते. बावीस वर्षांपूर्वी मी मंडळाच्या प्रदर्शनाचा अर्ज भरला होता. त्यात ‘कला’ असा एक लहान रकाना होता. मी त्यात बारीक अक्षरात सात कला लिहिल्या. अध्यक्षीणबाईंनी लाल शाईने रेघ मारून अर्ज परत पाठवला आणि वर लिहिले, ‘आधी एकीत तरी पारंगत व्हा.’ बाई स्वतः तीस वर्षे उशीच्या अभ्र्यावर तेच तीन गुलाब भरतात. गुलाब अप्रतिम असतात, मी नाव ठेवत नाही, वास येईल असे वाटते. पण मला भर सभेत म्हणाल्या, “तुमचं म्हणजे सगळं चाखून बघायचं, पोट कशानेच भरायचं नाही.” त्याचे उत्तर माझ्याकडून बाकी आहे. आता देते. बूट डाव्या पायाचा आहे. उजवा त्यांनी स्वतः करून बघावा.

उरलेले पहिले नग आणि ती फळी खोलीसोबत जातील.

कलम सहा. ती सहा पोती. त्यांत काय आहे ते सूनबाईने माझ्यासमोर उघडून पाहिले आहे: अर्धी खोगीरपिशवी, पाऊण गालिचा, कोरायला घेऊन सोडलेले लाकडी बदक, आणि असेच बरेच. मला पोचवायला जो कोणी येईल त्याने जाताना एक वस्तू घरी न्यावी. ती पूर्ण करू नये. कोणाला अगदीच राहवले नाही तर करावी, पण मग मी सुरू केली होती असे सांगू नये. ‘टाकायचे’ असे लिहिलेली पोती मात्र धुऊन मुलाला परत द्यावीत.

कलम सात. हातमाग. हा खोलीतून निघत नाही. याचे कारण सुतारदादांना आणि मला दोघांनाही ठाऊक आहे, आणि नऊ वर्षे आम्ही ते कोणाला सांगितलेले नाही. माग कसा बसेल म्हणून आम्ही भिंती मोजल्या, खिडकीचा उजेड कुठवर येतो ते मोजले, माझा पाय खालच्या, दाबायच्या पावडीला पोचतो का ते मोजले. दादांनी खोलीतच बसून तो आठ दिवसांत उभा केला, सगळे सांधे कायमचे चिकटवून. संपल्यावर चहा पिताना त्यांचे लक्ष दाराकडे गेले. मग माझे गेले. आम्ही दोघांनी चहा संपवला. दार मोजायचे राहिले होते. तेव्हा हा माग बाहेर काढायचा तर करवत चालवावी लागेल, आणि सुतारदादांनी मला शब्द दिला आहे की या गल्लीतली कुठलीही करवत त्यावर चालणार नाही. ज्याची खोली, त्याचा माग.

कलम आठ. मागची खोली.

इथे आल्यावर पेन तीन वेळा खाली ठेवले. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात याला एक ओळ आहे. मला एक ओळ पुरत नाही.

मागची खोली मी माझ्या मुलीला देते. कारण लिहिणे भाग आहे. ती अकरा वर्षांची असताना तिने शाळेसाठी एक रुमाल भरायला घेतला. साखळी टाका, कोपऱ्यात एक पान. टाके लहानमोठे आले होते. मी तिला ते उसवायला लावले. पुन्हा भरले, पुन्हा उसवायला लावले. मी त्या वेळी वर्षाला शेकड्याने स्वेटर विणत होते, एक टाका चुकला तर शाळा नग परत पाठवायची, आणि मला वाटायचे, पोरीला आत्ताच सवय लागलेली बरी. सहा वेळा. सहाव्यांदा कापड विरले आणि त्याला भोक पडले. तिने सुई गादीत खोचली आणि म्हणाली, “मला येत नाही.” रडली नाही. आज ती एकोणपन्नास वर्षांची आहे आणि तेव्हापासून तिने सुई धरलेली नाही. शर्टाचे बटण शिंप्याकडून लावून घेते. लोक हसतात, स्वेटरवाल्या बाईंची मुलगी म्हणून. तीही हसते. मी हसत नाही. पहिला नग उसवायचा नाही, हा नियम मी त्यानंतर तीन वर्षांनी केला, स्वतःसाठी. मी स्वतःला जे दिले ते तिला दिले नव्हते. ही माझी चूक आहे, आणि ती मी इथे माझ्या सहीने कबूल करते.

<s>अट: मुलीने या खोलीत दरवर्षी निदान एक वस्तू स्वतःच्या हाताने करावी, कशीही झाली तरी चालेल. सलग दोन वर्षे तसे न केल्यास खोली मुलाकडे जाईल.</s>

कलम नऊ. वरची अट खोडलेली दिसेल. ती मीच खोडली आहे, शुद्धीत, चष्मा लावून, आणि बाजूला माझी व दोन्ही साक्षीदारांची सही घेतली आहे. का खोडली ते सांगते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल म्हातारीला भरीला घातले.

मागच्याच्या मागच्या रविवारी मुलगी आली होती. मी हे कागद मोठ्या ऐटीत तिच्यापुढे ठेवले. मला वाटले, ती रडेल. कबूल करते, तिने रडावे असे मला वाटत होते. तिने शेवटपर्यंत वाचले, कागद नीट जुळवून माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाली, “खोली नको मला. दादाला दे.”

“का? माफी मागितली ना मी? लेखी मागितली!”

“माफी पोचली, आई. अट नको.”

“अगं, कसंही कर म्हटलंय. वेडंवाकडं कर. कोण नावं ठेवतंय?”

“वर्षाला एक वस्तू. आणि झाली की नाही ते कोण बघणार, दादा? दारात उभा राहून?” तिचा आवाज चढला नाही, तिचा चढत नाही. “तू गेल्यावरही मला उसवायलाच लावणार तू.”

माझे डोके फिरले. मी म्हटले, तुझ्यासाठी मी पोटच्या पोराशी भांडले. तुला मोकळीक देते आहे आणि तुला ती घेता येत नाही. हात असे रिकामे ठेवून माणूस जगतो कसा, ते तरी सांग. बरेच बोलले. तिने ऐकून घेतले.

“मला काही करायचंच नाहीये,” ती म्हणाली. “घरी सासरे आहेत, मुलं आहेत, ऑफिसात चार जणांमध्ये एक टेबल आहे. मला एक खोली मिळाली तर मी दार लावीन आणि नुसती बसेन. काही न करता. चालेल तुला?”

“नुसती बसशील? त्या खोलीत?”

“बघ. नाही ना चालत.”

आणि पर्स उचलून गेली.

चार दिवस मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. सकाळी नवे काम घेतले नाही, चारनंतर जुने घेतले नाही, म्हणजे पाहा. आयुष्यभर मी सगळ्यांना ठणकावत आले की मला काय करायचे ते मी ठरवीन, वाईट करीन, अर्धवट सोडीन, तुम्ही कोण विचारणार. आणि माझी मुलगी तेच म्हणत होती. फक्त तिला काहीच करायचे नव्हते, आणि तेवढे एक मला ऐकवत नव्हते. रिकामे हात मला बघवत नाहीत, अगदी परक्याचेसुद्धा. पाचव्या दिवशी मी पट्टी घेतली आणि अट खोडली. पट्टी लावूनसुद्धा रेघ वाकडी आली आहे. ती तशीच राहू दे.

मुलाला मी हे वाचून दाखवले. तो म्हणाला, “बरं, माग तिथेच, फळी तिथेच, पण मग ती तिथे करणार काय?”

“काही नाही.”

“काही नाही?”

“काही नाही. तुझी काही हरकत?”

त्याने सूनबाईकडे पाहिले. सूनबाई म्हणाली, “गॅलरीला काचा कधी बसवायच्या ते बोला.”

कलम दहा, आणि शेवटचे. मी मरेपर्यंत कोणी वाट पाहायची गरज नाही. मला घाईही नाही, पुढच्या आठवड्यापासून मी काच कापायला शिकायला जाते आहे. खोलीची दुसरी किल्ली मी मुलीला देऊनही टाकली आहे, आणि गुरुवारी दुपारी खोली तिची असे ठरले आहे. या गुरुवारी ती ऑफिसातून परस्पर आली, चपला काढल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आत जाऊन कडी लावली. दोन तास आत होती. मी बाहेर स्टुलावर बसले होते. आतून काही आवाज नाही, मागाचा नाही, कपाटाचा नाही. दोनदा मी उठले आणि दारापर्यंत जाऊन परत आले. बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर हाताचा वळ उठला होता, झोपली असावी. म्हणाली, “पुढच्या गुरुवारी येते.”

तरी माझ्या सर्व वारसांना, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना बजावून सांगते: ती आत असताना कोणीही ते दार वाजवू नये, आणि ती बाहेर आल्यावर आत काय केलेस असे तिला विचारू नये. हे कलम मलाही लागू आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो मला मान्य आहे. बाकीच्यांना मान्य आहे की नाही हे मी विचारलेले नाही.

लिहून ठेवणार: स्वेटरवाल्या बाई (सही)

साक्षीदार एक: सुतारदादा, गल्लीतलेच. यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही. (सही)

साक्षीदार दोन: डॉक्टर, दाखला देणारे. यांनाही काही मिळत नाही. (सही, उजव्या हाताने)

ठिकाण: राहते घर, मागच्या खोलीच्या दाराबाहेर, स्टुलावर
दिनांक: १८ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी चारच्या आधी